वचन आणि विहीर

दुर्गहून दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, भिलाईच्या हद्दीतच, मरोदा स्टेशन लागतं. मरोद्याची खरी ओळख मात्र पाण्यामुळे आहे. भिलाई पोलाद कारखान्याचे जलाशय इथे आहेत आणि त्यांतलं पाणी दक्षिणेकडून, बालोदजवळच्या तांदुला धरणातून, कालव्याने येतं. कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली ती ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. तांदुला धरण त्याआधीचं, १९२१ साली पुरं झालेलं. पोलादाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. ते बांधलं होतं भातासाठी, आणि बांधण्याची निकड निर्माण केली होती दुष्काळाने.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांताचं कंबरडं मोडलं. त्यानंतर सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग देशभर फिरला. तोवर मध्य प्रांतात सरकारी सिंचनाची कामं जवळजवळ नव्हतीच. तांदुला आणि धमतरीकडची महानदीवरची कामं या धक्क्यानंतरची आहेत.

याच मुलखात, याच दुष्काळांच्या आगेमागे, आणखी एका प्रकारची माणसं जमिनीपाशी आली. त्यांच्या हातात नकाशे होते तसं बायबलही होतं. ओसाड रानात झरे फुटतील, काटेरी झुडपांच्या जागी सदाहरित झाडं उभी राहतील, उजाड शेतं पुन्हा नांगरली जातील, अशी वचनं यशया आणि यहेज्केल या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत आहेत. ती वचनं मनात धरून त्यांनी खडकाळ माळ विकत घेतले, विहिरी खोदल्या, माणसं वसवली. या श्रद्धेने जमिनीचं नेमकं काय केलं, हा या लेखाचा विषय आहे. छत्तीसगडातल्या एका गावापासून सुरुवात करून मला पुणे जिल्ह्यातल्या केडगावपर्यंत जायचं आहे, कारण या प्रश्नाचं सगळ्यात भरीव उत्तर मला तिथे सापडतं.

आधी त्या वचनांविषयी थोडं. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, अशी सर्वसाधारण समजूत असते. या ग्रंथांच्या बाबतीत ती अपुरी पडते. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या फौजांनी यरुशलेम पाडलं आणि तिथल्या लोकांना कैद करून नेलं. यहेज्केल स्वतः त्या परागंदा लोकांमध्ये होता. यशयाच्या ग्रंथाचा उत्तरार्धही त्याच परवडीच्या काळातला आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हिरव्या शेतांची ही वर्णनं ज्यांनी ऐकली त्यांच्याकडे शेतच उरलं नव्हतं. यहेज्केलच्या छत्तिसाव्या अध्यायात तर संदेष्टा माणसांना सोडून डोंगरांशी आणि ओसाड पडलेल्या जागांशीच बोलतो. तुमच्यावर पुन्हा नांगर फिरेल, पेरणी होईल, असं त्यांना सांगतो. यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात देवदारापासून बाभळीच्या जातीच्या झाडापर्यंत वनराईची यादीच आहे. ही उखडल्या गेलेल्या शेतकऱ्यांची भाषा आहे. दुष्काळाने घरदार गमावलेला माणूस ती ऐकतो, तेव्हा त्याला भाष्यकाराची गरज पडत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १६३० च्या महादुर्गाडीत तुकोबांचा संसार आणि व्यापार बुडाला, घरात माणसं गेली, आणि त्यांच्या विठ्ठलनिष्ठेला धार आली ती त्यानंतर. दुष्काळ आणि श्रद्धा यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे.

छत्तीसगडचा शेतकरी आपली जमीन चार नावांनी ओळखतो. काळी, ओल धरणारी ती कन्हार. पिवळसर, भाताला मानवणारी ती मटासी. दोन्हींच्या मधली डोरसा. आणि लाल, मुरमाड, पाणी न धरणारी ती भाठा. भाठ्यावर फार तर कोदो-कुटकी निघते, एरवी तिथे गुरं चरतात. सरकारदफ्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या जमिनींत असे माळ पुष्कळ होते.

ऑस्कर लोर नावाचा जर्मन मिशनरी १८६८ मध्ये मुंबई बंदरात उतरला. तो पूर्वी रांचीकडे गोसनर मिशनमध्ये काम करत असे. १८५७ च्या उठावात ते काम उधळलं, तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या जर्मन इव्हँजेलिकल मिशन सोसायटीने त्याला परत हिंदुस्थानात पाठवलं. नागपुरात तेव्हा स्टीफन हिस्लॉपने उभारलेलं स्कॉटिश मिशन होतं. छत्तीसगडातल्या सतनामी समाजाकडे जावं, हा सल्ला लोरला नागपूरकडूनच मिळाला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आली होती. पुढे रायपूरपर्यंत बैलगाडीचाच रस्ता होता.

रायपूरच्या उत्तरेला लोरने सुमारे १,५४४ एकर पडीक रान घेतलं आणि तिथे गाव वसवलं. त्याला नाव दिलं विश्रामपूर. छत्तीसगडी तोंडी त्याचं बिसरामपूर झालं. तिथलं इमॅन्युएल चर्च १८७४ मधलं आहे. मिशन गावाचं मालगुजार झालं. गावात कोणी वसायचं, कोणी कुठली जमीन कसायची, सारा किती द्यायचा, हे सगळं पाद्री ठरवू लागला. भोसल्यांच्या राज्यात आणि त्याआधीही छत्तीसगडात लाखाबटा नावाची रीत होती. गावातली जमीन काही वर्षांनी पुन्हा वाटून घ्यायची, म्हणजे चांगली-वाईट सगळ्यांच्या वाट्याला येते. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्ताने मालगुजारांना जमिनीची मालकी दिली. गरीब कुळांसाठी, त्यातही सतनाम्यांसाठी, पायाखालची जमीन सरकली. विश्रामपूर वसलं ते नेमकं याच वेळी. जमीन मिळण्याची आशा आणि नवा धर्म या दोन्ही गोष्टी एकाच दारातून आल्या.

इथे भाकीत येतं, आणि ते बायबलमधलं नाही. गुरू घासीदास गिरौदपुरीचे. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारणारा सतनाम पंथ उभा केला. आपल्यानंतर एक टोपीवाला गोरा माणूस येईल आणि सत्यनामाचा पुढचा संदेश सांगेल, असं घासीदास सांगून गेल्याची कथा मिशनऱ्यांच्या लेखनातून आणि धर्मांतरित घराण्यांच्या आठवणींतून पुढे आली. सौरभ दुबे यांच्यासारख्या इतिहासकारांनी या कथांचा बारकाईने अभ्यास केला आहे. कोणी एकट्याने रचलेली ही कथा नसावी. पाद्र्याला आपलं येणं ईश्वरी योजनेत बसवायचं होतं, आणि नव्या ख्रिस्ती माणसाला आपण गुरूला सोडलेलं नाही, हे स्वतःला सांगायचं होतं. दोघांची गरज एका कथेत मिसळली. सतनामी परंपरेत मात्र घासीदास स्वतःच गुरू आहेत, कोणाचे अग्रदूत नाहीत. आणि त्या परंपरेचा हा हक्क मान्य करूनच ही कथा वाचली पाहिजे.

सुरुवातीला लोरचं सतनाम्यांनी स्वागत केलं. बिनसलं ते जानव्यावरून. घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी सतनाम्यांना जानवं घालायला शिकवलं होतं, आणि त्या बंडखोरीपायी १८६० च्या सुमारास त्यांची हत्या झाली होती. रक्त सांडून मिळवलेलं ते जानवं बाप्तिस्म्याच्या वेळी उतरवायला सांगणं म्हणजे काय, हे पाद्र्याला उमगलं नाही. मोठ्या संख्येने लोक येतील, ही आशा मावळली. गाव मात्र उभं राहिलं. शेतं निघाली, शाळा निघाली, पुढच्या दुष्काळांत अनाथ मुलं आली, दवाखाना आला. संख्या वाढली ती दुष्काळात, हेही लपवण्याचं कारण नाही.

विश्रामपूरकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. जिथे काही पिकत नव्हतं तिथे पिकू लागलं. पण मालगुजार आणि धर्मगुरू एकच असल्यामुळे कुळाला साहेबाचं न ऐकण्याची सोय उरली नाही. चर्चचा नियम मोडला तर शेत जाण्याची भीती. शिवाय ती जमीन ‘पडीक’ कोणाच्या लेखी? मध्य प्रांतात निस्ताराचा हक्क होता. गुरं चारायची, सरपण आणायचं, कुडासाठी लाकूड तोडायचं, हे सगळं आसपासची गावं अशाच रानांतून भागवत. महसूल खात्याच्या कागदावर जे ओसाड होतं, ते कोणाच्या तरी बकऱ्यांचं कुरण होतं. ओसाड रान फुलण्याची वचनं वाचताना हे विसरून चालणार नाही.

धमतरीकडे १८९९ मध्ये, ऐन दुष्काळात, अमेरिकी मेनोनाइट आले. त्यांची मंडळी पिढीजात शेतकरी. त्यांनीही पुढे गाव विकत घेऊन तिथे ख्रिस्ती कुळं वसवली. त्याचा घाट विश्रामपूरसारखाच असल्याने त्यात अधिक शिरत नाही.

एक मराठी धागा मात्र इथे सोडवत नाही. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेत, म्हणजे आजच्या दुर्ग-भिलाईच्या अगदी अलीकडे, १८९३ मध्ये नारायण वामन टिळकांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. टिळक तेव्हा राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. वॉर्ड यांनी त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. फुलांचा आणि मुलांचा हा कवी पुढे अहमदनगर जिल्ह्याच्या कोरड्या गावांत हिंडला, आणि त्याच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या मातीतली उपासना दिली. त्याच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे हे घर आपल्या ओळखीचं आहे.

आता केडगाव. पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेने निघालं की दौंडच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांचा उरलासुरला पाऊसच या पट्ट्यात पडतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. आज दौंड तालुका म्हटलं की ऊस आणि गुऱ्हाळं आठवतात. ती धरणं-कालव्यांची आणि मोटारपंपांची करणी. १८९० च्या दशकात हा उघडा माळ होता.

पंडिता रमाबाईंनी इथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली ती १८९६ चा दुष्काळ पडण्याआधी. कारण व्यवहाराचं होतं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याला आलेलं त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन चालत होतं ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर, आणि त्या मंडळींनी मदतीचं वचन दिलं होतं दहा वर्षांपुरतं. पुढे काय, ही चिंता होती. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा बाईंचा विचार. संत्री, लिंबं, आंबे लावायचे म्हणजे बारमाही पाणी हवं, म्हणून विहीर हवी. केडगावची गोष्ट अशी हिशेबाच्या वहीतून सुरू होते, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वचन नंतर आलं. आधी आली पाण्याची गरज.

या बाईला दुष्काळ पुस्तकांतून कळलेला नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत, कुटुंबाला घेऊन देशभर तीर्थयात्रा करणारे विद्वान. १८७० च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाने त्यांच्याजवळचं सगळं संपवलं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत उत्तरेकडे निघाले ते कलकत्त्यापर्यंत. झाडपाला खाऊन काढलेले दिवस, भीक मागायची लाज, हे सगळं त्यांनी पुढे दुष्काळावर लिहिताना सांगितलं आहे. म्हणून १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. मदतकेंद्रांच्या आसपास मुलींना कोण उचलून नेतं आणि त्यांचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. सुमारे ३०० मुली आणि बायका घेऊन त्या परतल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात इतक्या जणींना एकत्र ठेवण्यावर अधिकाऱ्यांनी निर्बंध घातले. सरकारी प्लेग रुग्णालयातल्या कारभारावर रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये उघड टीका केली, ती याच १८९७ साली. मुलींना ठेवायला जागा उरली ती एकच, केडगावचा माळ. आधी झोपड्या आणि तंबू, मग पक्क्या इमारती. वसाहतीचं नाव ठेवलं मुक्ती. हे नाव यशयाच्या साठाव्या अध्यायातून आलं आहे. उद्ध्वस्त नगरी पुन्हा उभी राहील आणि तिचे तट मुक्तीच्या नावाने ओळखले जातील, असा तिथला आशय. यरुशलेमच्या पडझडीनंतर सांगितलेलं वचन पुणे जिल्ह्यातल्या दुष्काळी मुलींच्या कुंपणाला लागलं.

१९०० साली गुजरात-काठियावाडचा दुष्काळ आला, छप्पन्नचा काळ म्हणून जो अजून तिकडे ओळखला जातो. रमाबाईंनी आणखी मुली आणल्या. वसाहत १,९०० च्या घरात गेली. एवढ्या माणसांना प्यायला, स्वयंपाकाला, धुण्याला, शिवाय बांधकामाला, गुरांना आणि बागेला पाणी. आसपासच्या विहिरी आटत होत्या. मुक्तीतल्या विहिरींचं पाणी संध्याकाळपर्यंत तळाला जाई आणि सकाळी पुन्हा वर आलेलं असे, असं तिथली आख्यानं सांगतात. तिथल्या बायकांसाठी तो चमत्कार होता. दख्खनच्या काळ्या खडकात विहिरीचं वागणं बरंचसं भेगांवर अवलंबून असतं. एका विहिरीला खडकाची चांगली फट लागते, शंभर हातांवरची दुसरी कोरडी जाते. भेगांतून रात्रभर पाझर येतो आणि उपसा थांबला की पातळी भरून निघते. हे सांगून मला त्या बायकांची कृतज्ञता खोडायची नाही. ज्या मुलीने आईवडिलांना तहानेने मरताना पाहिलं, तिच्यासाठी सकाळी भरलेली विहीर हा उपकारच होता, आणि उपकार मानायला तिच्याजवळ देव होता.

मुक्तीचं शेत हे नुसतं शेत नव्हतं. तिथे गोठा होता, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, शिवणकाम होतं, छापखाना होता. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती. बायकांनी शेती केली, खिळ्यांची जुळणी केली, यंत्रं चालवली. त्या काळात विधवेला घरातल्या अंधाऱ्या खोलीबाहेर जागा नव्हती, आणि इथे तिच्या हाती शेतीचं काम होतं, त्यातून येणारा घास तिचा होता. ओसाड जमीन आणि टाकून दिलेली बाई, दोघींना एकदमच कसाला लावण्याचा हा प्रयोग होता. यशयाच्या वचनांतही उजाड भूमी आणि टाकलेली, निपुत्रिक स्त्री या प्रतिमा शेजारी शेजारी येतात. रमाबाईंनी त्या दोन्हींचा अर्थ अक्षरशः घेतला आणि अंगमेहनतीने खरा केला. त्यांच्या कामातलं मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच.

टीका झाली, आणि ती सगळीच दुष्टाव्याने झाली नाही. दुष्काळात वाचवलेल्या पोरीने स्वीकारलेला धर्म किती मोकळेपणाने स्वीकारलेला असतो? भाकरी देणाऱ्याला नाही म्हणणं किती जणींना शक्य होतं? शारदा सदनावर १८९३ मध्ये पुण्यात जे वादळ उठलं, त्यामागेही धर्मांतराची हीच शंका होती. या प्रश्नाला पुरतं समाधान देणारं उत्तर माझ्याजवळ नाही. दोन गोष्टी मात्र मला ठामपणे म्हणाव्याशा वाटतात. त्या मुलींना उचलायला दुसरं फारसं कोणी पुढे आलं नव्हतं. आणि त्यांच्यातल्या अनेकींची श्रद्धा पुढच्या आयुष्यात टिकली, वाढली. तिला भुकेचा सौदा म्हणून बाजूला सारणं म्हणजे त्या बायकांच्या मनाचा अपमान करणं आहे.

याच आवारात रमाबाई आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांची. २४ जुलै १९२१ रोजी लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, भाषांतर हातावेगळं करून. छापील ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. म्हणजे ओसाड रानाला पाणी देणारे ते अध्याय ज्या खोल्यांत मराठीत उतरले, त्यांच्या भिंतीपलीकडे त्याच माळावरच्या विहिरी आणि बागा होत्या. जगात इतर ठिकाणी बायबलची अनेक भाषांतरं झाली ती विद्यापीठांत, मठांत. शेत राखत झालेलं भाषांतर दुसरं मला माहीत नाही.

श्रद्धेला शास्त्राची जोड देण्याचा प्रयत्न याच सुमारास उत्तरेत झाला. सॅम हिगिनबॉटम १९०३ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनरी म्हणून अलाहाबादला आले. शिकवायचं होतं अर्थशास्त्र. गावं पाहिल्यावर त्यांना वाटलं की आधी नांगर सुधारला पाहिजे. ते अमेरिकेला परत गेले, शेतीशास्त्र शिकले आणि यमुनेपलीकडे नैनीला, घळी पडलेल्या आणि कांस गवताने व्यापलेल्या २७५ एकरांवर, अलाहाबाद कृषी संस्था सुरू केली. १९२१ मधल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच शुभवर्तमान आणि नांगर शेजारी आहेत. खोल नांगरट, बांध, घळी अडवणं, शेणखत. वचनाची ही कृषिखात्याच्या भाषेतली आवृत्ती होती, आणि शेतकऱ्याला तिचा उपयोग झाला.

खुद्द ज्या भूमीविषयी ही वचनं होती, तिथेही मराठी माणसं पोहोचली आहेत. कोकणातले बेने इस्रायली, शनवार तेली म्हणून शेजारीपाजारी ओळखले जाणारे, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्यांतले बरेच नेगेव्ह वाळवंटातल्या दिमोना, बीरशेबा या गावांत वसवले गेले. अलिबागकडे पोहे, नारळ आणि गुळाचा मलिदा एलियाहू हनवी या संदेष्ट्याच्या नावाने करायचा, तो त्यांनी तिथेही चालू ठेवला. १९६४ मध्ये उत्तरेचं पाणी नेगेव्हपर्यंत नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली, १९६५ मध्ये हात्झेरीम किबुट्झने ठिबक सिंचनाचा कारखाना काढला. त्या हिरवाईकडे बोट दाखवून जगभरच्या अनेक चर्चांत आजही यशयाचं भाकीत पुरं झालं, असं सांगतात. मला इथे विश्रामपूरचा निस्तार आठवतो. ती भूमीही रिकामी नव्हती. पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या बागा आणि बेदुइनांची चराई तिथे होती. यशयाच्याच ग्रंथात घराला घर आणि शेताला शेत जोडत दुसऱ्याला जागा न ठेवणाऱ्यांचा धिक्कार आहे. भाकीत पुरं झाल्याचा आनंद करणाऱ्यांनी तो पाचवा अध्यायही वाचावा.

महाराष्ट्रात या धाग्याचं पुढचं टोक अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट पाद्री १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर भागातल्या दुष्काळी खेड्यांत त्यांनी आयुष्य घालवलं. १९७२ चा दुष्काळ त्यांनी त्या गावांसोबत काढला. दुष्काळात धान्य वाटणं संपतच नाही, पुढच्या वर्षी पुन्हा वाटावं लागतं, हा अनुभव त्यांना पाणलोटाकडे घेऊन गेला. जर्मन सरकारच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. २०२१ मध्ये ते गेले. गावोगावी लोक त्यांना बाखरबाबा म्हणत.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्या कामाचं सर्वांत गाजलेलं गाव. उघडे डोंगर, मेंढपाळीवर जगणारी माणसं, उन्हाळ्यात टँकर. १९९६ पासून पाचेक वर्षं तिथे काम चाललं. माथ्यावर समतल चर खोदले, झाडं लावली, खाली शेतांना बांध घातले, ओढ्यांवर बंधारे बांधले. पाणलोटाचा नियम माथ्यापासून पायथ्याकडे येण्याचा. वर पाणी धावणं थांबलं तरच खालचा बंधारा टिकतो. पण दरेवाडीतला कठीण भाग खोदकामाचा नव्हता. चराईबंदी पाळायची म्हणजे मेंढ्या कुठे न्यायच्या? माथ्यावर बंदी आली की तिचा भार पहिल्यांदा मेंढपाळावर पडतो, आणि पाण्याचा लाभ पहिल्यांदा पायथ्याच्या शेतमालकाला होतो. म्हणून सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. ग्रामसभेत यावर वाद झाले, आणि ते होऊन मगच काम पुढे गेलं. श्रमदानाची अट सगळ्यांना होती.

इथे जमीन गावाचीच राहिली. कोणी धर्म बदलला नाही, कोणी बदलायला सांगितलं नाही. बाखरबाबांची प्रार्थना त्यांच्याजवळ, गावाचा मारुती गावाजवळ. विश्रामपूरनंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी एका ख्रिस्ती धर्मगुरूने जमिनीच्या कामात मालकी हाती घेतली नाही, आणि मला तो या सगळ्या प्रवासातला फार मोठा बदल वाटतो. बाखरबाबांची श्रद्धा कमी नव्हती. तिला मालगुजारीची गरज उरली नव्हती.

पाणी आल्यावर नवे पेच आले. पाणलोटाची कामं झालेल्या बऱ्याच गावांत विहिरी भरल्या तसे बोअर वाढले. बाजरीच्या जागी कांदा, टोमॅटो, डाळिंब आलं. जमिनीत मुरवलेलं पाणी खोलवरून उपसलं जाऊ लागलं. म्हणून आता पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थाच गावांसोबत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि मुरलेलं पाणी मोजायचं, माणसांना आणि गुरांना लागणारं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीला किती एकर, कुठलं पीक, हे ठरवायचं. ठरलेलं पाळायला कायद्याचा धाक फारसा नाही. भूजलाच्या वापरावर नियम घालणारा महाराष्ट्राचा अधिनियम २००९ चा आहे, पण शेजाऱ्याने रात्री चालवलेला पंप त्याने अजून बंद पडलेला नाही. तो बंद करायचा की नाही, हे दरवर्षी ग्रामसभेत बसलेल्या माणसांनाच ठरवावं लागतं.